डावा खांदा मागे

माझ्या दोन स्तनांच्या आकारमानातला फरक दोनशे दहा मिलिलिटर होता. हा आकडा मी स्वतः काढला. स्टीलचं मोठं पातेलं पाण्याने काठोकाठ भरून परातीत ठेवलं, वाकून आधी एक बाजू बुडवली, मग पुन्हा भरून दुसरी. परातीत सांडलेलं पाणी शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या मोजपात्रात ओतलं. प्रत्येक बाजूची तीन रीडिंग घेतली आणि सरासरी काढली. त्रुटी अधिक-उणे तीस.

बाथरूमच्या दाराबाहेरून आई ओरडत होती.

"इतकं पानी काय करून राहिली वं रंजू?"

"मोजतेय."

"काय मोजून राहिली?"

"तुला माहीत आहे तेच."

त्यावर बाहेरून शिलाई मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

आई बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. सिंधूबाईचं फिटिंग म्हणून बायका लालबागपासून येतात. माझे बाबा नेपानगरच्या कागद गिरणीत पाळीने जातात, आणि मी इथल्याच एका खाजगी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मी पंधरा वर्षांची असताना डावी बाजू उजवीपेक्षा मोठी होत चालली आहे हे आधी आईलाच कळलं. पुढच्या कुर्त्याच्या उजव्या कटोरीत, अस्तराच्या आत, तिने कापसाचा एक थर घातला. वर्षागणिक थर वाढत गेले, सहापर्यंत. डावीकडचे टक्स, म्हणजे कटोरीला आकार देणाऱ्या चुण्या, वेगळे, उजवीकडचे वेगळे. आणि ट्रायल घेताना दर वेळी एकच सूचना, तोंडात टाचण्या धरून:

"डावा खांदा मागे घे. हां. अस्सी उभी राह्य."

मी तशी उभी राहायची, ती त्यावर टाचायची आणि कुर्ता चोख बसायचा. नऊ वर्षांत कोणाला संशय आला नाही. आईला त्याचा अभिमान होता, आणि तो रास्त होता. असं काम करणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

पण कुर्ता उतरवल्यावर मी तीच असायचे. अंतर्वस्त्राचा डावा पट्टा खांद्यात रुतून तिथे खाच पडली होती. उन्हाळ्यात डावीखाली घामोळं यायचं आणि चिघळायचं. धावता येत नव्हतं, पालथं झोपता येत नव्हतं. फेब्रुवारीत मी ठरवलं की मेच्या सुट्टीत शस्त्रक्रिया करायची. साठवलेले पैसे पुरेसे होते. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर नाकापर्यंत वर उचलला आणि पेपरामागून म्हणाले, "तुम्ही मायलेकी ठरवा. मी सही लागली तर आहे."

"सही माझीच लागते, बाबा. चोवीस पूर्ण झाली."

"मग तर फारच चांगलं," पेपर म्हणाला.

आई म्हणाली, "आजार नाही, गाठ नाही. कोनाले दिसत नाही. मंग डॉक्टर कशाले?"

"मला दिसतं."

ती सोबत आली. इंदूरला जायला पाच तास लागतात.

प्लास्टिक सर्जन डॉ. प्रतिभा सरमंडल पन्नाशीच्या, इंदुरी मराठी बोलणाऱ्या, घाई नसलेल्या बाई होत्या. सोनोग्राफीचा कागद त्यांनी वाचला, दोन्हीकडे सगळं निरोगी असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "फरक किती वाटतो तुम्हाला? अंदाजे सांगा. कपडे घेताना किती साईझचा पडतो?"

"दोनशे दहा मिलिलिटर. अधिक-उणे तीस."

त्यांनी चष्मा काढला. "हे कोणी मोजलं?"

मी पातेल्याची रीत सांगितली. त्या मनापासून हसल्या. "वीस वर्षांत पहिल्यांदा पेशंट रीडिंग घेऊन आलीय! बसा. आता मी सांगते ते ऐका."

त्यांनी कागदावर दोन अर्धवर्तुळं काढली, एक मोठं आणि थोडं खाली, एक लहान.

"पहिली गोष्ट, काहीच केलं नाही तरी चालतं. हा आजार नाही, पुष्कळ बायकांत थोडाफार फरक असतो. तुमच्यात जास्त आहे, इतकंच. करायचंच असेल तर लहान बाजू मोठी करता येते. आत सिलिकॉनचा इम्प्लांट बसवायचा. जखम लहान, बरं होणं सोपं. पण तो जन्मभराचा नसतो. दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागू शकतो, अधूनमधून तपासावा लागतो. शिवाय वयाप्रमाणे तुमची डावी उतरेल आणि इम्प्लांटवाली तिथेच राहील. फरक पुन्हा दिसेल, वेगळ्या तऱ्हेने."

"पोटाची चरबी काढून भरतात ना?" आईने विचारलं. ती मोबाइलवर बरंच पाहून आली होती.

"भरतात. पण भरलेली सगळी टिकत नाही, काही भाग जिरून जातो. दोनशे मिली एका खेपेत होत नाही. आणि हिच्या पोटावर आहे काय काढायला?"

आईने माझ्या पोटाकडे असं पाहिलं की जणू मी तिचं जेवण जन्मभर नाकारलं होतं.

"तिसरा रस्ता म्हणजे मोठी बाजू कमी करायची आणि वर उचलायची. वजन उतरतं, घामोळं थांबतं. पण व्रण मोठा राहतो, स्तनाग्राच्या काळसर गोलाभोवती आणि तिथून खाली उभा. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे मूल झालं तर त्या बाजूचं दूध कमी येऊ शकतं किंवा येणारही नाही. खात्री कोणतीच देत नाही मी. आणि चौथा, दोन्हीकडे थोडं थोडं."

"भरून द्या," आई लगेच म्हणाली. "कापू नका. चांगलं अंग कशाले कापायचं?"

डॉक्टर माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "आधी तुम्ही मापं घ्या."

आत एका भिंतीवर चौकटी आखलेला पडदा होता. त्याच्यासमोर उभं करून त्यांनी गळ्याच्या खोबणीपासून खाली दोन्ही स्तनाग्रांपर्यंतची अंतरं मोजली. डावीकडे सव्वीस सेंटिमीटर, उजवीकडे साडेबावीस. समोरून, दोन्ही बाजूंनी फोटो घेतले. मग फोटो पाहून त्या पुन्हा आत आल्या.

"रंजिता, सरळ उभ्या राहा."

"सरळच उभी आहे."

"नाही. मागच्या चौकटी बघा." त्यांनी फोटो दाखवला. पडद्यावरच्या रेघा सरळ होत्या आणि मी त्यांच्यापुढे वळलेली होते. डावा खांदा मागे, उजवा पुढे, कमरेपासून वर सगळं धड एखाद्या किल्लीसारखं थोडंसं फिरलेलं.

त्यांनी पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं. मणका वाकडा असला तर छातीतही फरक पडतो, म्हणाल्या, आणि त्याच इमारतीत एक्स-रे काढायला पाठवलं. मणका सरळ निघाला.

"मग ही सवय आहे. कधीपासून अशा उभ्या राहता?"

मी कपडे घालून बाहेर आले, आणि डॉक्टरांची नजर माझ्या कुर्त्यावर थांबली. त्यांनी जवळ येऊन काखेखालची शिवण चाचपली, उजव्या कटोरीवर हलकेच बोट दाबलं.

"हा कुर्ता कोणी शिवला?"

"मी," आई म्हणाली, आणि आवाजात तो नेहमीचा ताठपणा आला.

"फार सुंदर काम आहे, सिंधूताई. खरंच सांगते. मला बाहेरून कळलं नव्हतं." त्यांनी शिवणीवरून बोट मागे नेलं. "पण हा वळलेल्या अंगावर बेतलाय. डावा मुंढा मागे ओढलाय. सरळ उभं राहिलं की हा गळ्याशी टोचत असणार. टोचतो ना?"

मी खांदा सरळ केला. टोचला. नऊ वर्षांत प्रत्येक कुर्ता मला दिवसभर सांगत होता, डावा खांदा मागे घे, आणि मी ऐकत होते.

मी त्रुटी काढली होती ती पाण्याची. मापणारीच तिरकी उभी असेल तर सगळीच मापं एकाच बाजूला चुकतात, हे मी दर वर्षी नववीला शिकवते.

"मी खुणा उभं करूनच करते," डॉक्टर म्हणाल्या. "आडवं केलं की सगळं सरकतं. तुम्ही वळून उभ्या राहिलात तर मी वळलेल्या बाईला जुळवून देईन. नंतर सरळ झालात की बिघडेल. तीन महिने व्यायाम करा. आणि हे कपडे बंद. साधे, दोन्हीकडे सारखे कापलेले. कापूस नाही."

"म्हणजे सगळ्यांले दिसंल," आई म्हणाली.

"दिसेल."

परतीच्या वाटेवर बडवाहला बस चहाला थांबली तेव्हा आई बोलली.

"मी तुले वाकडी केली."

"वळवलीस. आणि मी वळले. दोघींनी मिळून केलं."

"लपवलं म्हनून कोनी चिडवलं नाही तुले. शाळेत, कॉलेजात. एकीनं तरी तोंड उघडलं का?"

"नाही उघडलं. ते खरं आहे, आई."

तिने चहा तसाच ठेवला. "भरून घे, रंजू. माह्यं ऐक. कपड्याचं बी असंच असते. कमी पडलं तं जोड देता येते. कापलं तं कापलं. अन् उद्या लेकरू झालं अन् डावीकडे दूध नाही आलं, तं मले बोल लावशील."

"तुला नाही लावणार."

"मंग स्वतःले लावशील. ते अजून वाईट."

ही शंका मला हसण्यावारी नेता आली नाही. दूध येईल की नाही हे कोणी सांगू शकत नव्हतं. मी म्हटलं, "तीन महिने आहेत. विचार करते."

घरी आल्यावर आईने आठवडाभर माझ्या कपाटाला हात लावला नाही. मी दोन तयार कुर्ते दुकानातून आणले, ते पाहून ती म्हणाली, "हे काय पोतं घातलं? काखेत दोन बोटं हवा खेळून राहिली." आठव्या दिवशी मी शाळेतून आले तर माझे अकरा कुर्ते पलंगावर उलटे पसरलेले आणि आई ब्लेडने शिवणी उसवत होती. बाजूला वर्तमानपत्रावर कापसाचा ढीग होता, दाबून दाबून पापडासारखा झालेला. तिने वर पाहिलं नाही.

"दारात सरळ उभी राह्य. दोन्ही खांदे चौकटीले लाव."

तिने पुन्हा मापं घेतली, पहिल्यांदाच डावा खांदा मागे घ्यायला न सांगता.

पहिल्या दिवशी शाळेत जाताना मी ओढणी घेतली. मधल्या सुट्टीत ती काढून खुर्चीवर टाकली, कारण फळ्यावर लिहिताना मधे येत होती आणि मला ती नकोही होती. गणिताच्या ज्योत्स्ना मॅडमनी स्टाफरूममध्ये डोळे बारीक केले.

"अगं, तुझ्या कुर्त्याला काय झालं? एकीकडून आकसला का? धुताना गरम पाणी वापरलं असशील. ये नया कपडा ऐसाच निकलता है आजकल."

"कापड ठीक आहे, मॅडम. मीच अशी आहे. डावी बाजू मोठी आहे."

त्यांच्या हातातला डबा अर्धा उघडा राहिला. मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि मला अर्धी पोळी आणि मिरचीचा ठेचा दिला. पुढे कधी विषय निघाला नाही. दहावीच्या मुली दोन दिवस कुजबुजल्या. तिसऱ्या दिवशी चाचणी होती. कुजबुज थांबली.

मला वाटलं होतं तेवढं ते कठीण नव्हतं. आणि तसं झाल्यावर मी स्वतःला मुद्दाम विचारलं: आता लपवत नाहीस, मग शस्त्रक्रिया कशाला? प्रश्न योग्य होता, म्हणून उत्तर वहीत लिहून काढलं. लोकांना दिसतं, हे कारण मी खोडलं. मग उरलं ते हे: खांद्यातली खाच, घामोळं, धावता न येणं. आणि एक शेवटचं, जे लिहायला वेळ लागला. उजवी मला माझी वाटत होती, कायमच. डावी मला कोणीतरी धरायला दिलेल्या सामानासारखी होती. उजवी भरून घेतली असती तर दोन्हीकडे ते सामान झालं असतं.

दुधाबद्दल मी एवढंच लिहिलं: एक बाजू पूर्ण शाबूत राहील. पुरेल, नाही पुरलं तर वरचं देईन.

रोज सकाळी व्यायाम, दाराच्या चौकटीला पाठ लावून. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा इंदूरला गेलो. पडद्यासमोर मी उभी राहिले आणि डॉक्टरांनी या वेळी फोटो पाहून मान डोलावली. डावीकडे सव्वीस पूर्णांक दोन, उजवीकडे बावीस पूर्णांक एक.

"फरक वाढला?" आई घाबरली.

"वाढला नाही. आधी वळण्यात थोडा लपत होता. आता खरा कळला. तेव्हा खुणा केल्या असत्या तर मी अर्ध्या सेंटिमीटरने चुकले असते." मग माझ्याकडे वळून, "ठरलं?"

"डावी कमी करायची. उजवीला हात लावायचा नाही."

"दुधाचं, संवेदनेचं, व्रणाचं, सगळं लक्षात आहे?"

"आहे. लिहून आणलंय."

आईने शेवटचा प्रयत्न केला. "डॉक्टरीनबाई, उजवीकडे भरता येतेच ना पन?"

"येतं, सिंधूताई. अगदी छान येतं. पण मग ती मोठी होईल. तिला लहान व्हायचंय."

आई माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटतं, तुला कोणतं माप हवं आहे हा प्रश्न तिने गिऱ्हाइकांना हजार वेळा विचारला असेल आणि मला एकदाही नाही. शेवटी ती डॉक्टरांना म्हणाली, "मंग एक ऐका. एका दमात पूर्न कापू नका. थोडं राखून कापा."

"मी तसंच करते," डॉक्टर म्हणाल्या. "कमी काढलेलं पुन्हा काढता येतं. आणि टेबलावर हिला मधेच बसतं करून बघते, दोन्ही बाजू समोरासमोर. आडव्या माणसावर कोणाचाच भरवसा नाही."

"बसवून बघता? बेशुद्ध असताना?"

"टेबल उचलतं."

आईचा चेहरा थोडा सैल झाला. ट्रायल घेणाऱ्या माणसावर तिचा विश्वास बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी जांभळ्या पेनने खुणा केल्या. मी उभी होते, दोन्ही पाय सारखे, दोन्ही खांदे सोडलेले. आई कोपऱ्यात बसून पेन कुठून कुठे जातो ते पाहत होती. शस्त्रक्रियेला दोन तास लागले. एकशे नव्वद ग्रॅम काढलं, ते तपासणीला पाठवलं, तपासणी स्वच्छ आली.

पहिले दोन दिवस दुखलं. मग खाज सुटली, ती दुखण्यापेक्षा वाईट. सहा आठवडे घट्ट बांधणी आणि पाण्याची बादली उचलायची नाही. बाबा तेवढ्यासाठी पाळीवर निघण्याआधी मुकाट्याने सगळ्या बादल्या भरून ठेवायचे. व्रण लाल आहे, वर्षभराने फिका होईल म्हणतात. डाव्या टोकाला स्पर्श अजून नीट कळत नाही, कदाचित कळणारही नाही. मोजपात्र मी शाळेला परत केलं. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या नाहीत, पण आता त्या एकाच बाईच्या आहेत.

जूनच्या शेवटी एका दुपारी मी पुढच्या खोलीत आईजवळ वह्या तपासत बसले होते. लालबागच्या गोदाबाई ब्लाउजचं कापड घेऊन आल्या. आईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळतं, गोदाबाईंचं कोणतं ब्लाउज तंग झालंय ते.

"काय वं सिंधू, पोरीचं ऑपरेशन झालं म्हने? कोनी सांगतच नाही धड. अपेंडिक्स का?"

मी वहीतून मान वर केली. आईच्या पायाखालचं मशीन चालू होतं. एवढ्या वर्षांत या खोलीत तिने माझ्या अंगाबद्दल कोणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही. अपेंडिक्स म्हणणं सोपं होतं.

आईने मशीन थांबवलं.

"अपेंडिक्स-बिपेंडिक्स काही नाही. हिची छातीची एक बाजू मोठी होती. कमी करून घेतली."

गोदाबाईंचा हात पिशवीतच राहिला. "हाय माय! गाठ होती?"

"गाठ नाही. मोठी होती."

"मंग तं मले कधी दिसली नाही! मी हिले लहानपनापासून पाहून राहिली."

"मी शिवत होती ना," आई म्हणाली. "दिसली असती तं माह्यं नाव काय राहिलं असतं?"

गोदाबाई स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. "असं करून मिळते का? खरंच?"

"मिळतं," मी म्हटलं.

"दुखलं?"

"दोन दिवस."

"अन् लग्नाचं? पोरावाल्यांले सांगनार?"

"विचारलं तर सांगेन. न विचारता पण सांगेन, व्रण आहे."

त्यांनी तोंडावर पदर घेतला, मग काढला. माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, समोरून, मग थोडं बाजूला वाकून, बाजारात केळीचा घड पारखतात तसं, डावीकडून उजवीकडे आणि परत. आई हातातलं कापड खाली ठेवून आमच्याकडे पाहत होती.

"मंग कोनती होती ती?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं, आणि सरळ बसले.

गोदाबाईंनी बराच वेळ घेतला. मग पूर्ण खात्रीने बोट उचललं आणि माझ्या उजवीकडे दाखवलं.